जुनी काया, परके इंजिन

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून १९८५ साली '११८ एनई' या नावाची जी मोटार बाहेर पडली, तिच्याकडे तत्कालीन मध्यमवर्गीय गिऱ्हाइकाने नवी कोरी गाडी म्हणूनच पाहिले. परंतु तिचा सांगाडा इटलीत १९६६ साली अवतरलेल्या फियाट १२४ चा होता, आणि त्याच्या पुढ्यात बसविलेले ११७१ सीसीचे इंजिन जपानच्या निसान कंपनीचे होते. त्याच सुमारास तिकडे बंगालात, उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सने वॉक्सहॉल या ब्रिटिश गाडीच्या ऐसपैस कायेत अॅम्बॅसॅडरचे १४८९ सीसीचे वृद्ध इंजिन घालून 'काँटेसा' बाजारात आणली, तिला चढावर धाप लागते असा बोभाटा झाल्यावर काही वर्षांनी तेथे इसुझूचे १८०० सीसीचे इंजिन बसविले, आणि पुढे हाच इसुझू खुद्द अॅम्बॅसॅडरच्या पोटातही गेला. महिंद्रांची जीप मूळची अमेरिकन विलीज. तिच्या पेट्रोल इंजिनाच्या जागी प्यूजो या फ्रेंच कंपनीचे २११२ सीसीचे डिझेल इंजिन आले आणि त्याच्या उत्पादनासाठी इगतपुरीला स्वतंत्र कारखाना उभा राहिला. तात्पर्य, जुन्या गाडीत नवे इंजिन बसविणे हा आजच्या हौशी मंडळींनी काढलेला नवा खटाटोप नव्हे. परवाना-राजवटीच्या काळात तो आपल्या मोटारधंद्याचा जवळजवळ अधिकृत शिरस्ता होता, कारण नव्या बॉडीचे साचे घडविण्यास लागणारे द्रव्य आणि परकीय चलनाची मंजुरी या दोन्ही बाबी दुर्मीळ होत्या, आणि त्यांच्या मानाने एखाद्या परदेशी कंपनीशी इंजिनापुरता करार करणे सुकर होते.

तथापि कारखान्याने केलेली अदलाबदल आणि गॅरेजात केलेली अदलाबदल यांत फार मोठे अंतर आहे. कारखान्यापाशी नकाशे काढणारे दफ्तर असते, ओतकामाची भट्टी असते, चाचणीसाठी हजारो किलोमीटर पळवून मोडून टाकता येतील अशा गाड्या असतात. गॅरेजवाल्यापाशी चेन कप्पी, वेल्डिंगचे यंत्र, जवळपासचा एखादा लेथवाला आणि अनुभव एवढेच भांडवल असते. आणि गिऱ्हाईक मात्र कारखान्याने दिलेल्या गाडीइतकीच निर्धास्त गाडी मागत असते.

अशी गॅरेजे दाटीने आढळतात ती उरण तालुक्यातील जासईच्या बाजूला. हे गाव महाराष्ट्राला ठाऊक झाले ते शेतकरी नेते दि. बा. पाटलांचे गाव म्हणून आणि जानेवारी १९८४ च्या शेतकरी आंदोलनामुळे. पुढे १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, भातखाचरे आणि मिठागरे यांच्या जागी कंटेनरची आवारे पसरली, आणि बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने टायरवाले, बॅटरीवाले, पाटेवाले, डिझेल पंपवाले यांची एक अखंड वसाहतच उभी राहिली. या भागात ट्रेलरचे इंजिन उतरविणे ही रोजची बाब आहे. आणि जेथे ट्रेलरचे अवजड धूड लीलया उतरते, तेथे एखाद्या प्रीमियर पद्मिनीचे चिमुकले इंजिन म्हणजे मिस्त्रीच्या दृष्टीने चहा पिता पिता करावयाचे काम. ते उतरतेही तसेच. पाण्याचे पाइप, कार्बोरेटरची नळी, अॅक्सिलरेटरचा दांडा, डायनॅमो आणि सेल्फच्या तारा, सायलेन्सरचा पुढला जोड आणि फाउंडेशनचे रबर एवढे सोडविले, गिअरबॉक्सशी असलेला संबंध तोडला, की अर्ध्या दिवसात पद्मिनीचा पुढचा भाग मोकळा होतो. गाडीच्या मालकाची पहिली फसगत होते ती येथे. इतक्या सुलभतेने जे निघाले, ते तितक्याच सुलभतेने परत बसेल अशी त्याची समजूत होते. आणि ती खरीही असते, फक्त तेच इंजिन परत बसवावयाचे असेल तर.

मग ते इंजिन बदलावेसे वाटण्याचे कारण तरी काय? पद्मिनी ही मूळची फियाट ११००, जिची ही पिढी १९५३ ची. १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले आणि शतकाच्या अखेरीपर्यंत ती कुर्ल्यात बनत राहिली. तिचे १०८९ सीसीचे इंजिन जेमतेम चाळीस अश्वशक्तीचे. ते ज्या काळासाठी घडविले त्या काळात ही शक्ती पुरेशी होती. जासईला खेटून असलेल्या चिर्ले गावापाशी जानेवारी २०२४ पासून अटल सेतू उतरतो, त्यावर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे, आणि तेथे सत्तरच्या वेगाने कण्हत जाणाऱ्या पद्मिनीच्या मागे लागलेल्या वाहनांची अधीरता आरशात पाहून कोणत्याही मालकाच्या मनात नव्या इंजिनाचा विचार डोकावणे स्वाभाविक आहे. इंधनाचीही कुरबूर आहे. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठका पेट्रोलमध्ये शिसे असते असे गृहीत धरून केलेल्या; शिशाचे पूड-कवच त्यांना झिजण्यापासून वाचवीत असे. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि हे कवच गेले. मुंबईच्या टॅक्सींनी त्यानंतर सीएनजीचा अंगीकार केला, त्या कोरड्या वायूनेही बैठकांची झीज वाढविली. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळले जाते, आणि त्याच्या सहवासात जुन्या पंपांतील रबरी पडदे व नळ्या फुगतात वा तडकतात. यांतील बहुतेक व्याधींवर मूळ इंजिन ठेवूनही इलाज आहे (कठीण धातूच्या बैठका ठोकून घेता येतात, नव्या रबराच्या नळ्या मिळतात), परंतु मालकाला इलाज नको असतो, पुनर्जन्म हवा असतो.

पूर्वी असा पुनर्जन्म काटकसरीपोटी होत असे. मुंबईतल्या डॉज, प्लीमथ, शेव्हरले अशा अमेरिकन गाड्या आयातबंदीमुळे बदलता येत नव्हत्या आणि पेट्रोलचा खर्च सोसवत नव्हता, म्हणून त्यांच्या पुष्कळ मालकांनी सहा सिलिंडरची मुलायम इंजिने काढून तेथे पर्किन्ससारखी डिझेल इंजिने बसविली. त्या गाड्या तीस-तीस वर्षे धावल्या खऱ्या, पण कोणत्या अवस्थेत? पेट्रोल इंजिनाच्या मृदु स्पंदनासाठी घडविलेल्या फाउंडेशनवर डिझेलचे धक्के बसू लागले, डॅशबोर्ड खुळखुळू लागला, दारांच्या बिजागऱ्यांपाशी पत्र्याला चिरा पडल्या, आणि इंजिनाच्या वाढीव वजनाने पुढचे स्प्रिंग दबून गाडी कायमची नाक टेकून उभी राहू लागली. आज त्याच गाड्यांचे हौशी मालक मूळ इंजिनाच्या शोधात वणवण करतात आणि मिळेल त्या किमतीला ते विकत घेतात, हा काळाचा सूड म्हणावा लागेल.

आधुनिक इंजिन निवडताना पहिली अडचण आकाराची येत नाही, दिशेची येते. जुन्या गाडीत इंजिन लांबीच्या दिशेने उभे, त्याच्या मागे गिअरबॉक्स, त्याच्या मागे शाफ्ट आणि शेवटी मागची चाके फिरविणारा डिफरन्शिअल अशी सरळ ओळ असते. आजच्या बहुतेक लहान मोटारींत इंजिन आडवे बसते, गिअरबॉक्स त्याच्या कुशीत असतो आणि शक्ती पुढच्याच चाकांना जाते. त्यामुळे रस्त्यावर लाखो गाड्या दिसत असल्या, तरी पद्मिनीच्या उपयोगी पडण्याजोग्या इंजिनांची यादी बोटांवर मोजण्याइतकी आखूड होते. मारुती जिप्सीचे १२९८ सीसीचे इंजिन त्यात अग्रगण्य, कारण ते लांबीच्या दिशेने बसते, त्याचा गिअरबॉक्स त्याच ओळीत असतो आणि त्याची ऐंशी अश्वशक्ती पद्मिनीच्या मूळ शक्तीच्या दुप्पट भरते. ओम्नी आणि ईको या गाड्याही मागच्या चाकांच्या. पण त्यांचे इंजिन पुढच्या आसनांखाली मावावे म्हणून कलते बसविलेले, आणि ते बॉनेटखाली ताठ उभे करू गेल्यास तेलाचे पात्र, तेल शोषणारी नळी, सगळेच तिरपागडे होते.

इंजिन निवडले, कप्पीला टांगले आणि रिकाम्या जागेत अलगद सोडले, की ते कोठे अडते हे पाहण्यासारखे असते. टेपने मोजलेली लांबी-रुंदी बरोबर असते. अडते ते भलत्याच ठिकाणी. इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या चेंबरचा खोल भाग एका गाडीत पुढे, दुसरीत मागे असतो, आणि जुन्या गाडीचा आडवा क्रॉसमेंबर वा सुकाणूचे दांडे नेमके त्याच्याच वाटेत येतात. एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड उजव्या कुशीला आला तर तो स्टिअरिंगच्या खांबाला भाजतो. येथे मिस्त्रीपुढे दोन मार्ग असतात: चेंबर कापून त्याचा आकार बदलावा, किंवा क्रॉसमेंबर कापावा. चेंबर हा इंजिनाचा सुटा भाग आहे, तो बिघडला तर दुसरा मिळतो. क्रॉसमेंबर हा गाडीच्या अस्थिपंजराचा भाग असून पुढच्या चाकांचा सारा भार त्याच्या आधाराने राहतो. तरीही घाईच्या गॅरेजात गॅस कटर आधी क्रॉसमेंबरवर चालतो, कारण ते काम दहा मिनिटांचे आहे. माझ्या मते गाडी आणि मालक यांच्या संबंधात या दहा मिनिटांइतकी निर्णायक घटका दुसरी नाही.

त्यानंतर येतो जोडाचा प्रश्न, आणि हा भाग जरा विस्ताराने सांगण्याजोगा आहे. समजा, जुना गिअरबॉक्स तसाच ठेवून त्यापुढे नवे इंजिन जोडावयाचे आहे. दोहोंच्या तोंडांवरील बोल्टांची भोके अर्थातच जुळत नाहीत, म्हणून मध्ये जाड पोलादाची वा अॅल्युमिनियमची एक तबकडी घालतात, जिच्या एका अंगाला इंजिनाची भोके आणि दुसऱ्या अंगाला गिअरबॉक्सची. लेथवाला अशी प्लेट एका दिवसात करून देतो. परंतु गिअरबॉक्सचा जो पुढचा शाफ्ट क्लच प्लेटमधून पार होऊन क्रँकच्या मध्यभागी असलेल्या इवल्या बेअरिंगमध्ये टेकतो, त्याचा मध्य आणि क्रँकचा मध्य यांत मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांहून अधिक तफावत राहिली, तर प्रत्येक फेऱ्याला तो शाफ्ट किंचित वाकविला जातो. गाडी चालते, गिऱ्हाईक खूष होऊन घरी जाते. काही महिन्यांनी क्लच थरथरू लागतो, चौथा गिअर आपोआप सटकू लागतो, बेअरिंग किंचाळते, आणि तोपर्यंत दोष नेमका कोणाचा याचा निवाडा करणे अशक्य झालेले असते. जाणता मिस्त्री म्हणून प्लेट कसण्यापूर्वी फ्लायव्हीलवर डायल गेज चिकटवितो, इंजिन हाताने सावकाश फिरवितो आणि त्याची सुई हाउसिंगच्या कडेवरून फिरताना किती हलते ते पाहतो. सुई हलली की पिन ठोकून, कागदाइतके पातळ पत्रे सरकवून तो मध्य जुळवितो. या तपासणीला तासभर लागतो आणि पावतीवर तिची नोंद कोठेच होत नाही. प्लेटच्या जाडीचाही हिशेब असतो, कारण ती जाड झाली तर शाफ्टचे टोक बेअरिंगपर्यंत पोचत नाही, आणि पातळ झाली तर ते क्रँकला भिडते. सेल्फचे दाते फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये किती शिरावेत हेही तिच्यावरच ठरते.

हा सारा व्याप टाळण्यासाठी बहुतेक जण नवे इंजिन त्याच्याच गिअरबॉक्ससह बसवितात. त्याने पुढचा जोड निर्दोष राहतो, पण अडचण शेपटीकडे सरकते. नवा गिअरबॉक्स लांब असला तर शाफ्ट कापून आखूड करावा लागतो, आखूड असला तर लांब. आणि कापून जोडलेला शाफ्ट यंत्रावर बॅलन्स करून न घेतल्यास साठ-सत्तरच्या वेगाला आसनाखाली गुंजारव सुरू होतो. त्याहून सूक्ष्म बाब कोनाची. शाफ्टच्या दोन्ही टोकांना जे क्रॉस असतात, ज्यांना व्यवहारात जॉइंट म्हणतात, त्यांचा एक स्वभावदोष आहे: कोनात वाकलेल्या अवस्थेत फिरताना क्रॉस पुढचा वेग मागे जसाच्या तसा पोचवीत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोन वेळा किंचित घाई आणि दोन वेळा किंचित दिरंगाई करतो. मागच्या क्रॉसचाही हाच दोष असतो; परंतु गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि डिफरन्शिअलचा पिनियन एकमेकांना समांतर असतील आणि दोन्ही क्रॉसचे कोन सारखे असतील, तर पहिल्याची घाई दुसऱ्याच्या दिरंगाईत बरोबर जिरते आणि चाकांना समगतीच मिळते. दोन दोष परस्परांना छेदून एक गुण उत्पन्न करतात असा हा यंत्रशास्त्रातील नमुना मला नेहमीच रमणीय वाटत आला आहे. नवे इंजिन बॉनेटखाली मावावे म्हणून त्याचे शेपूट दोन-तीन अंशांनी जास्त खाली झुकविले की हा समतोल मोडतो, आणि मग मालक टायर बदलतो, व्हील बॅलन्सिंग करवितो, पाटे बदलतो, तरी थरथर काही जात नाही.

गिअरच्या दांड्याविषयी दोन शब्द. पद्मिनीचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असे, त्यामुळे पुढे सलग बाक आणि त्यावर प्रसंगी तिघे जण, हे त्या गाडीचे कौटुंबिक वैशिष्ट्य. नवा गिअरबॉक्स आला की मधल्या फुगवट्याला भोक पाडून दांडा जमिनीतून वर काढावा लागतो आणि बाकाच्या मध्यभागी बसणारे माणूस कायमचे मागे जाते. यंत्राच्या दृष्टीने ही क्षुल्लक बाब आहे. गाडीच्या दृष्टीने नाही.

जासईच्या बाजूला एका वयस्क मिस्त्रीने एकदा मला सांगितले की, इंजिन बसविण्याचे पैसे मी घेतो, पण चालू करण्याचे पैसे वायरिंगवाल्याला द्या. त्या वाक्यात सारी आधुनिक मोटारविद्या आली. पद्मिनीच्या इंजिनाला चालू होण्यासाठी ठिणगी, पेट्रोल आणि हवा एवढेच लागे, आणि या तिघांचे प्रमाण ठरविणारा कार्बोरेटर ही स्वतःपुरती शहाणी वस्तू होती. तिला बाकीच्या गाडीची विचारपूस करावी लागत नसे. आजच्या इंजिनाचा कारभार एका संगणकाच्या डबीकडे असतो, ज्याला मिस्त्री लोक ईसीयू म्हणतात. क्रँक कोठे आहे, हवा किती आत आली, पाणी किती तापले, सायलेन्सरमध्ये प्राणवायू किती उरला, पायाने अॅक्सिलरेटर किती दाबला, असे जबाब तो क्षणाक्षणाला सेन्सरांकडून घेतो आणि त्यावरून पेट्रोल किती फवारावयाचे याचा हुकूम सोडतो. एवढ्यावर भागले असते तर ठीक. परंतु नव्या गाड्यांत ही डबी किल्लीतील चिपची ओळख पटविते, गाडीचा वेग विचारते, कधी ब्रेकच्या आणि दर्शनी तबकडीच्या डब्यांशीही संभाषण करू पाहते, आणि त्यांच्याकडून उत्तर आले नाही तर इंजिन सुरूच करीत नाही, किंवा सुरू करून अर्ध्या शक्तीवर डांबून ठेवते. म्हणून जाणकार सांगतात की भंगारातून केवळ इंजिन आणू नका. ज्या गाडीचे इंजिन, तिचीच ईसीयू, तिचीच किल्ली, तिचाच अॅक्सिलरेटरचा पेडल आणि मधली एकही तार न कापलेले अखंड वायरिंग असा सारा लवाजमा एकत्र आला पाहिजे. कुर्ल्याच्या जुन्या बाजारात घासाघीस करून इंजिन स्वस्तात मिळविणारे आणि नंतर तिप्पट पैसे त्या लवाजम्यावर घालविणारे लोक कमी नाहीत.

या डबीला विजेचीही शुद्धता हवी असते. जुन्या डायनॅमोला इंजिन मंद चालत असताना पुरेशी वीज देता येत नसे, दिवे पिवळे पडत, आणि त्याचे कोणाला काही वाटत नसे; ईसीयूला ते चालत नाही, म्हणून अल्टरनेटर अपरिहार्य होतो. पद्मिनी निदान बारा व्होल्टची आहे. चाळीसच्या दशकातील अमेरिकन गाड्या सहा व्होल्टच्या, आणि पुष्कळ जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. त्या गाड्यांत आधुनिक इंजिन घालताना दिव्यापासून वायपरपर्यंत प्रत्येक विद्युत् उपकरणाची पुनर्रचना करावी लागते. पेट्रोलचीही तीच कथा. जुना पंप इंजिनाच्या कॅमवर डुलत डुलत पाव बारच्या आसपास दाबाने पेट्रोल पुढे सारीत असे, तर फवारणीच्या पद्धतीला तीन बारच्या आसपास दाब लागतो. त्यामुळे टाकीत विजेचा पंप, दाब सोसणाऱ्या नव्या नळ्या आणि फिल्टर ही सारी मांडणी नव्याने करावी लागते. पुन्हा जुन्या टाकीत आडभिंती नसल्या, तर पेट्रोल कमी असताना वळणावर ते एका बाजूला जाते आणि पंप हवा गिळतो. कार्बोरेटरच्या वाटीत घटकाभराची शिल्लक असे, म्हणून हा दोष पूर्वी जाणवत नव्हता. नव्या इंजिनाजवळ शिल्लक नाही. ते तत्क्षणी गचके खाते, आणि तेही नेमके वळणावर.

थंडाव्याची बाब मी थोडक्यात उरकतो. दुप्पट शक्तीच्या इंजिनाची उष्णताही त्या मानाने वाढते, जुना रेडिएटर तिला पुरत नाही, आणि मे महिन्यात बंदराच्या रस्त्यावर ट्रेलरांच्या रांगेत अडकलेल्या गाडीची कसोटी घाटातल्या चढापेक्षा कडक असते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते ब्रेककडे. मूळ पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि ते तिच्या मूळ वेगाच्या हिशेबाने दिलेले. चालत्या वस्तूची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे साठऐवजी नव्वदने जाणारी गाडी थांबविताना ब्रेकला दीडपट नव्हे, सव्वादोनपट ऊर्जा जिरवावी लागते. ती सगळी उष्णतेच्या रूपाने ड्रममध्ये साठते, ड्रम फुगतो, लायनर आणि तो यांतील घर्षण घटते, आणि बोरघाट उतरताना पेडल खाली जात जात अखेर पायाखाली काहीच उरत नाही. मागचे पाटेही त्याच पठडीतले. चाळीस अश्वशक्तीच्या जोराने कधी न पिळवटलेले ते पाटे ऐंशीच्या जोरापुढे वळतात, एक्सल उड्या मारू लागतो. म्हणून ज्यांना खरोखर इंजिन बदलावयाचे आहे त्यांनी आधी पुढच्या चाकांना डिस्क, मग स्प्रिंग आणि टायर, आणि सरतेशेवटी इंजिन या क्रमाने खर्च करावा. प्रत्यक्षात बहुतेकांचा पैसा इंजिनापाशीच संपतो. त्या गाड्या रस्त्यावर असतात, आणि आपण त्यांच्या पुढे असतो.

यंत्राच्या अडचणी पैशाने आणि सबुरीने सुटतात. कायद्याची अडचण त्याहून चिवट आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणीपुस्तकातील तपशील निर्मात्याने मुळात ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करण्यास मालकाला मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच तरतुदीचा कडक अर्थ लावला. इंजिन बदलले तर चौदा दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळविणे मालकावर बंधनकारक आहे, आणि बेकायदा फेरफाराबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीने घातली आहे. त्याच जातीचे, त्याच क्षमतेचे इंजिन घालून पनवेलच्या कार्यालयात अर्ज करणारा इसम कायद्याच्या जवळपास तरी असतो. पद्मिनीत जिप्सीचे इंजिन घालून ते दफ्तरी दाखल करू पाहणाऱ्याची वाट बिकट आहे. गंमत अशी की, सीएनजी, एलपीजी किंवा वीज यांवर गाडी चालावी म्हणून मंजूर संचाने केलेल्या बदलाला हाच कायदा मुभा देतो. सबब जुन्या पद्मिनीला विजेची मोटर बसविणे कागदोपत्री शक्य आहे, आणि पेट्रोलच्याच नव्या इंजिनाने तिला सुधारणे दुर्घट. विमा कंपनीही नोंदणीपुस्तकातील इंजिन क्रमांक आणि ठोकळ्यावर कोरलेला क्रमांक ताडून पाहते, आणि अपघातानंतर ते न जुळल्यास भरपाईच्या अर्जाचे काय होते हे सांगण्याची आवश्यकता नाही.

याला २०२१ पासून आणखी एक पदर जोडला गेला आहे. पन्नास वर्षांहून जुन्या, खाजगी वापराच्या गाड्यांना केंद्र सरकारने व्हिंटेज म्हणून स्वतंत्र नोंदणी देऊ केली आहे: वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. त्यासाठीची मुख्य अट हीच की चासिस, बॉडी आणि इंजिन यांत मूळ रूप पालटणारा बदल झालेला नसावा. पद्मिनी या नावाने नोंदलेल्या पहिल्या गाड्यांनी नुकतीच पन्नाशी ओलांडली आहे, आणि येत्या काही वर्षांत एकेक वर्षाची तुकडी या दर्जाला पात्र होत जाईल. ज्यांचे १०८९ सीसीचे इंजिन जागेवर आहे त्यांनाच तो दर्जा मिळेल.

माझे मत विचाराल तर मूळ इंजिन उत्तम प्रकारे दुरुस्त करून घ्यावे, व्हॉल्व्हच्या बैठका आणि रबर आजच्या इंधनाला साजेसे करावेत, आणि सेतूवर डाव्या बाजूने जावे. परंतु हौशीपुढे मत चालत नाही हेही मला ठाऊक आहे. अशा हौशी माणसाने निदान दोन पथ्ये पाळावीत. क्रॉसमेंबर आणि फायरवॉल यांना कटर लावू न देता, जुन्याच भोकांत बसतील असे ब्रॅकेट घडवून घ्यावेत, म्हणजे केलेला बदल कधीही उलटविता येतो. आणि काढलेले इंजिन, त्यावरील क्रमांकासह, भंगारवाल्याच्या तराजूत घालू नये. उरणच्या खाऱ्या हवेत उघड्यावर ठेवलेल्या ओतीव लोखंडाला एका पावसाळ्यात गंज धरतो. म्हणून पाण्याचे मार्ग कोरडे करून, प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे थोडे तेल सोडून, भोके बंद करून, कार्बोरेटर, डायनॅमो आणि कॉलमच्या गिअरचे दांडे यांच्यासह ते जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवावे, आणि महिन्यातून एकदा क्रँक हाताने फिरवीत जावा.